अरब रुग्णांतला अल्सरेटिव्ह कोलायटिस: आजार तोच, दारात येण्याची वाट वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मराठी एम. डी. डॉक्टर पुढच्या महिन्यात ओमानमधल्या एका रुग्णालयात रुजू होत आहेत. ते विचारतात: अरब लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिस सौम्य असतो असं वाचलं, ते खरं का? त्यांच्यात तो काही वेगळा वागतो का? आणि आपल्याकडे शिकलेलं तिथे कितपत चालतं?

मी मस्कतमध्ये अकरा वर्षं पोटविकारतज्ज्ञ म्हणून काम केलं. आता पुण्यात आहे, पण इथेही येमेनी, सुदानी, इराकी विद्यार्थी येतातच. त्या अनुभवावर सांगतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराला अरब-मराठी कळत नाही. सूज गुदाशयापासून सुरू होते, सलग वर चढते, रक्त-आव पडते, रात्री उठावं लागतं, कुंथूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. हे रियाधमध्ये तसंच आणि रत्नागिरीत तसंच. वेगळं असतं ते भोवतालचं: रुग्ण तुमच्यापर्यंत किती उशिरा येतो, त्या प्रदेशात या आजाराचं सोंग घेणारे दुसरे कोणते आजार आहेत, रक्तात आधीपासून काय दडलेलं आहे, आणि दिवसातून पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसाच्या आयुष्यात शौचाची घाई म्हणजे काय.

आधी ‘अरब रुग्ण’ या शब्दाबद्दल. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या लोकांना एका खोक्यात घालणं म्हणजे पंजाब आणि केरळ यांची एकच सरासरी काढणं. आकडेच बघा. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाशी जोडलेल्या विमाधारकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिस लाखामागे सुमारे १०६ जणांना आणि त्याचाच भाऊबंद, आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार क्रोन्स सुमारे ५३ जणांना, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दुप्पट. उलट सौदी अरेबियातल्या ६९३ बाह्यरुग्णांचा अहवाल २०१३ साली आला, त्यात क्रोन्सचे रुग्ण जास्त निघाले. ओमानमधला नव्वदच्या दशकातला आकडा वर्षाला लाखामागे जेमतेम एक-दीड नव्या रुग्णाचा. इस्रायलमध्ये एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेत राहणाऱ्या अरबांत हा आजार ज्यूंपेक्षा बराच कमी सापडत आला, पण तिथेही अरबांतला आलेख वर चढतो आहे. यातले काही आकडे विम्याच्या नोंदींतले, काही मोठ्या रुग्णालयांच्या दारातले. त्यांची आपसात तुलना करून ‘अरबांत असं असतं’ म्हणायला मी तरी धजणार नाही.

एवढं मात्र नक्की की आजार वाढतो आहे. ऐंशीच्या दशकात कुवेतमधून रुग्णांच्या नोंदींच्या पहिल्या मालिका प्रसिद्ध होईपर्यंत आखातात हा आजार जवळजवळ नसतोच अशी समजूत होती. दरम्यान तेल आलं, वातानुकूलित घरं आली, डबाबंद अन्न आलं, प्रतिजैविकं हाताशी आली, आणि दुर्बीण तपासणीही आली. यातलं नेमकं काय कारण आणि काय नुसतं निदान, हे सुटं करणं अवघड आहे. आपल्या मंडळींचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. ब्रिटनमधल्या लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण भारतातल्यापेक्षा खूप वाढलेलं दिसलं होतं. जीन्स त्याच होत्या, गाव बदललं होतं. आखाती माणसाने गाव बदललं नाही. त्याचं गावच दोन पिढ्यांत बदललं.

आता ‘सौम्य असतो’ या समजुतीबद्दल. जुन्या अरब मालिकांत मोठं आतडं काढावं लागलेले रुग्ण थोडे, आतड्याचा कर्करोग विरळ, सांधे-डोळे-त्वचा यांच्या तक्रारी कमी, घरात दुसऱ्या कुणाला आजार असल्याची नोंदही कमी. वाचून बरं वाटतं. पण कर्करोगाची भीती खरी सुरू होते ती आजाराला आठ-दहा वर्षं झाल्यावर. ज्या देशात निदानच काल-परवा होऊ लागलं, तिथे कर्करोग कमी दिसणारच. घरातल्या आजाराचंही तेच: आजोबांना काय होतं हे कुणी तपासलंच नव्हतं. शस्त्रक्रियेचा आकडा तर रोगाइतकाच रुग्णाच्या नकारावरही अवलंबून असतो. शौच गोळा करणारी पोटावरची पिशवी नको म्हणून रियाधहून बँकॉकपर्यंत दुसरं मत घेत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणून सौम्य समजून ढिलाई करू नका. आठ वर्षं झाली की देखरेखीची दुर्बीण तपासणी तिथेही करायची. पित्तनलिकांचा स्क्लेरोझिंग कोलँजायटिस सोबत असेल तर निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी.

तुमच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी येऊन म्हणेल, ‘दॉक्तर, अंदी कौलून.’ शब्दशः अर्थ ‘मला मोठं आतडं आहे’. हसू नका. अरबीत ‘कौलून’ म्हणजे मोठं आतडं, पण बोलीत तो आजाराचंच नाव होऊन बसला आहे: पोट फुगतं, दुखतं, ताणाने बिघडतं, आपण ज्याला आयबीएस म्हणतो तो. अर्ध्या घराला कौलून असतो. या शब्दाखाली खरा कोलायटिस कैक महिने लपून राहतो. दुसरा आडोसा ‘बवासीर’चा. रक्त पडतंय म्हणजे बवासीर. आपल्याकडे जशी प्रत्येक लाल थेंबाची मूळव्याध होते अगदी तशीच. तिथे मी एक सवय लावून घेतली होती. ‘कौलून आहे का’ हे न विचारता तीन गोष्टी विचारायच्या: ‘दम’ म्हणजे रक्त पडतं का, रात्री झोपेतून उठून जावं लागतं का, आणि नमाजला उभं असताना मधूनच निघून जावं लागतं का. आयबीएसवाला रात्री झोपतो. तिसऱ्या प्रश्नावर मान खाली गेली की मी कॅल्प्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारी शौचाची चाचणी लिहायचो आणि दुर्बिणीची तारीख घ्यायचो.

तोवर घरचे उपाय झालेले असतात. जुन्या माणसांच्या पोटावर नाण्याएवढे भाजल्याचे व्रण दिसले तर दचकू नका. ओमानात त्याला ‘वस्म’ म्हणतात. आपल्या मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला डंबा, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग देतात तीच ही रीत. कलौंजी, मध, धूपाचं पाणी हे बहुतेक घरांत. धूप म्हणजे लुबान, ओमानच्या धोफारमधल्या डोंगरातला, आणि त्याचा सख्खा चुलतभाऊ म्हणजे आपल्या सातपुड्यातली सालई. सालईच्या डिंकावर कोलायटिससाठी भारतात नव्वदच्या दशकात छोटा अभ्यास झालाही होता, पण त्यावर विसंबून औषधं बंद करण्याइतका पुरावा नाही. खरा त्रास ‘सना मक्की’चा. पोट साफ करायला हा पाला उकळून पितात. आपली सोनामुखीच ती. सुजलेल्या आतड्याला वर रेचक! रक्त अचानक वाढलेल्या रुग्णाला मी कलौंजीबद्दल काही बोलत नसे, सनाबद्दल मात्र हमखास विचारत असे.

निदानाच्या वेळी खरा कस लागतो तो सोंगाड्या आजारांत. आपल्या डोक्यात आमांश आणि क्षय हे दोन पक्के बसलेले असतात. ते राहू द्या. शेजारी तीन नवे बसवा.

पहिला बिल्हार्झिया. रुग्ण इजिप्त, सुदान किंवा येमेनचा असेल आणि लहानपणी कालव्यात पोहला असेल, तर त्याची रक्ती आव शिस्टोसोमा मॅन्सोनायची असू शकते. बिल्हार्झियाच्या कृमीचा शोधच मुळी १८५१ साली कैरोत लागला. दुर्बिणीत सूज, व्रण, कधी फुगवटे असं सगळं कोलायटिससारखं दिसतं; तपासायला काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात मात्र कडेला काटा असलेलं कृमीचं अंडं सापडतं. प्राझिक्वांटेल या कृमिनाशकाने जो बरा होणार, त्याला स्टिरॉइड दिलं तर पंचाईत. (आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत मूत्रमार्गाचा बिल्हार्झिया १९५०च्या दशकात सापडला होता. परीक्षेत एक गुण मिळवून देण्यापलीकडे तो फारसा कुणाच्या लक्षात नसतो.) इजिप्तच्या वयस्क रुग्णाबाबत आणखी एक. या कृमीवर ऐंशीच्या दशकापर्यंत शिरेतून टार्टार एमेटिकची इंजेक्शनं देत. त्याच त्या सुया पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस सी तिथे घरोघर पसरला. २०१८ पासून सरकारने प्रचंड तपासणी मोहीम राबवून तो आटोक्यात आणला, तरी जैविक औषध (इन्फ्लिक्सिमॅबसारखं, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं) सुरू करण्याआधी बी आणि सी दोन्हींची चाचणी सोडू नका.

दुसरा बेहचेट. तुर्की त्वचातज्ज्ञ हुलुसी बेहचेट यांनी १९३७ साली वर्णन केलेला, जुन्या रेशीममार्गाच्या पट्ट्यात जास्त आढळणारा. तोंड आलेलं, डोळा लाल, पोटात व्रण, शौचात रक्त. यातलं बरंच कोलायटिसमध्येही होतं, म्हणून जननेंद्रियावरच्या व्रणांबद्दल आवर्जून विचारा. रुग्ण आपणहून कधीच सांगणार नाही. व्रण लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ, गोल, खोल, रेखीव कडांचे असे दिसले तर थांबून विचार करा.

तिसरा फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. दोन-तीन दिवस ताप आणि पोटदुखी, मग आठवडे काहीच नाही, पुन्हा तेच. पूर्व भूमध्य किनाऱ्याच्या अरबांत, आर्मेनियनांत, तुर्कांत हा असतो, आणि कधी कोलायटिससोबतही नांदतो. औषधांनी आतडं शांत झालं तरी ताप येतच राहिला तर हा आठवा. गुण कॉल्चिसिनने येतो.

आता रक्तात दडलेल्या गोष्टींकडे येतो. माझ्या मते पुस्तकी ज्ञान तिथे सर्वांत जास्त इथेच उघडं पडतं.

ओमान, बहरीन, सौदीचा पूर्व प्रांत इथे जी-सिक्स-पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या विकराची कमतरता सर्रास आढळते. आपल्याकडे पारशी समाजामुळे ती ऐकून माहीत असते, पण सल्फासॅलाझिन हे कोलायटिसचं जुनं औषध लिहिताना आपण ती क्वचितच तपासतो. सल्फासॅलाझिनने अशा माणसाच्या लाल पेशी फुटू शकतात. ‘लहानपणी फूल खाऊन कावीळ झाली होती का?’ एवढा प्रश्नही उपयोगी पडतो. फूल म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे, त्यांची रोजची न्याहारी. त्याच घराण्यातलं मेसालामिन त्या मानाने बरंच सुरक्षित, आणि परवडत असेल तर तेच लिहा.

याच पट्ट्यात थॅलॅसेमियाचे वाहक आणि सिकलसेलही भरपूर. हिमोग्लोबिन नऊ, पेशी लहान, शौचात रक्त: आपला हात लोहाकडे जातोच. पण थोडं थांबून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा बघा, गरज पडली तर हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करा. कित्येकांचं हिमोग्लोबिन कोलायटिसच्या आधीपासूनच दहा असतं, आणि ते साडेतेरा का होत नाही म्हणून आपण उगाच औषध वाढवत बसतो. सिकलसेलमध्ये सूज दाखवणारी ईएसआर ही रक्तचाचणी खोटी कमी येते. गंभीर झटका ओळखण्याचे ट्रूलव्ह आणि विट्स यांचे १९५५चे निकष आपण अजून वापरतो: दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप, नाडी नव्वदच्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाखाली किंवा ईएसआर तीसच्या वर यांपैकी काहीतरी. यातले शेवटचे दोन अशा रुग्णात दगा देतात. तिथे सुजेची दुसरी रक्तचाचणी, सीआरपी धरा. आणि भरती केलेल्या रुग्णाला रक्त पडत असलं तरी गुठळी टाळणारं हेपॅरिन द्या. या झटक्यात गुठळीचा धोका रक्तस्रावापेक्षा मोठा असतो, हे नातेवाइकांना पटवायला वेळ लागतो पण पटतं.

नात्यातली लग्नं हा नाजूक विषय. आखातात निम्म्याच्या आसपास लग्नं नात्यात होतात, काकाची मुलगी ही पहिली पसंती. आपल्याकडे मामाची, तेव्हा उपदेश करायला आपण कोण! नेहमीचा, विशी-तिशीतला कोलायटिस अनेक जीन्सच्या थोड्या थोड्या भाराने होतो. त्यासाठी आईबापांच्या लग्नाला जबाबदार धरू नका. पण दोन वर्षांच्या आतलं मूल, रक्ताचे जुलाब, गुदद्वाराभोवती फोड आणि भगेंद्रं, वाढ खुंटलेली, आईवडील सख्खे चुलत असं चित्र असेल तर तो वेगळाच आजार समजा. सूज आवरणाऱ्या आयएल-१० या संदेशवाहक प्रथिनाच्या ग्राहकातला दोष २००९ साली अशाच नात्यातल्या लग्नांच्या कुटुंबांत सापडला. या मुलांना स्टिरॉइड आणि जैविक औषधं देऊन महिने घालवू नका, जनुकीय तपासणीला पाठवा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने ती बरी होऊ शकतात.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अॅझाथायोप्रिनबद्दल उलटा इशारा. पांढऱ्या पेशी कोसळण्याची जी भीती आपल्याला भारतीय रुग्णांत असते ती बरीचशी एनयूडीटी-१५ या जीनच्या बदलामुळे, आणि तो बदल दक्षिण व पूर्व आशियात जास्त. तुमच्या वॉर्डात ओमानीच नव्हे, केरळचे आणि कोल्हापूरचेही लोक असणार आहेत. क्षयाबाबतही असंच: जैविक औषधाआधीची चाचणी सगळ्यांचीच, पण बांधकामावरच्या आपल्या माणसाच्या छातीचा फोटो दोनदा बघा. औषधाचा खर्च कोण देणार हेही पहिल्या भेटीतच विचारा. नागरिकाला इन्फ्लिक्सिमॅब, वेडोलिझुमॅब सरकारी रुग्णालयात मिळतं; आपल्या मजुराचा विमा कधी मेसालामिनलाच संपतो, आणि येमेनहून आलेला रुग्ण परत गेल्यावर त्याला काहीच मिळणार नसतं. जे औषध सहा महिन्यांनी मिळणार नाही ते आज सुरू करताना शंभरदा विचार करा.

रमजान जवळ आला की बाह्यरुग्ण विभागात एकच प्रश्न: रोजा ठेवू का? आजाऱ्याला सूट आहे आणि राहिलेले दिवस नंतर भरून काढता येतात, हे कुराणातच आहे. रुग्णाला ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पण घरात सगळे उपाशी असताना एकट्याने जेवणं त्याला औषधापेक्षा कडू लागतं. आजार शांत असलेल्यांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत उपवासाने सुजेचे रक्तातले निर्देशक फारसे बिघडल्याचं दिसलं नाही. म्हणून माझा नियम साधा होता: तीन महिने शांत असेल, स्टिरॉइड नसेल तर ठेवा, रक्त पडत असेल तर नको, आतडं काढून आतली पिशवी केलेली असेल तर उन्हाळ्यातला रोजा नको, कारण पाणी आटतं आणि मूतखडे होतात. मेसालामिनचा सगळा डोस दिवसातून एकदा घेतला तरी तितकाच लागू पडतो, तेव्हा तो इफ्तारनंतर. गुदद्वारातून द्यायच्या औषधाने रोजा मोडतो का यावर मतं वेगवेगळी आहेत; त्या वादात न पडता मी ते रात्री झोपताना द्यायला सांगायचो. तसंही ते रात्रीच चांगलं टिकतं. रोज्यासाठी मला न विचारता परस्पर औषध थांबवणारे सर्वांत जास्त, म्हणून रमजानच्या महिनाभर आधी स्वतःहून विषय काढा.

नमाजचं त्याहून खोल आहे. वारा सरला किंवा शौचाची गळती झाली की वजू, म्हणजे नमाजआधीची शुद्धी मोडतो, पुन्हा हातपाय धुवून यावं लागतं. दिवसाला आठ जुलाब असलेला माणूस मशिदीत जाणंच सोडतो, आणि तिथल्या समाजात मशीद सोडणं म्हणजे गावच्या पारावर न दिसणं. ओमानातल्या निजवा गावचे एक शिक्षक मला म्हणाले होते, रक्ताची नाही, शेवटच्या रांगेत दाराजवळ उभं राहायची लाज वाटते. त्यांना पोटावरच्या पिशवीची शस्त्रक्रिया नको होती ती याच भीतीने. असा सततचा त्रास असलेल्याला धर्मशास्त्रात ‘माजूर’ म्हणजे सवलतीतला मानतात, हे मी नाही, रुग्णालयातल्या इमामांनी त्यांना समजावलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सही केली. सर्जनच्या आधी इमामांना बोलवायचं हे मी त्यानंतर शिकलो.

बायकांबाबत तीनच गोष्टी. बोलणं भावाशी किंवा नवऱ्याशी होत असलं तरी प्रश्न तिला विचारा, नर्सच्या सोबतीने, पडद्याआड वेळ देऊन. दुर्बिणीसाठी शक्य तिथे स्त्री डॉक्टर ठेवा, नाहीतर तपासणी वर्षभर पुढे ढकलली जाते. आणि मुलं हवी आहेत का हे विचारण्याऐवजी किती हवी आहेत हे विचारा. मेसालामिन गरोदरपणात चालतं, मेथोट्रेक्सेट नाही, आतल्या पिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर दिवस राहणं अवघड होऊ शकतं. हे सगळं आधी बोललेलं बरं.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. स्टिरॉइड कमी करण्याचा तक्ता मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना इंग्रजी आकड्यांत लिहून दिला: चाळीस, तीस, वीस, दहा, पाच आणि शेवटच्या ओळीत शून्य. आठ महिन्यांनी आले तेव्हा चेहरा गोल, साखर वाढलेली. अरबी लिपीत पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा पोकळ गोल काढतात आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. वरच्या ओळी मुलाने वाचून दिल्या होत्या, शेवटची त्यांनी स्वतः वाचली आणि रोज पाच मिलिग्रॅम इमानेइतबारे घेत राहिले. त्या दिवसापासून मी शेवटच्या ओळीत ‘खलास’ लिहितो. पुण्यात आल्यावरही ती सवय गेली नाही, कारण इथेही त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही.